सर्व्हर बदलताना अक्षरे कुठे हरवतात?

बोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेहरूणचे नाव फळ्यावर लिहा आणि त्यात अक्षरे किती, असे वर्गाला विचारा. मे, ह, रू, ण. म्हणजे चार, असे उत्तर लगेच येईल. संगणकाच्या हिशेबी मात्र ती सहा होतात, कारण म आणि त्यावरची मात्रा, र आणि त्याचा दीर्घ उकार यांना तो वेगवेगळे क्रमांक देतो. हाच शब्द साठवायला किती जागा लागते, हे पाहिले तर उत्तर येते अठरा बाइट. चार, सहा आणि अठरा ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. मराठी संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना जे घोटाळे होतात, त्यांतले बरेचसे या तीन संख्यांची गल्लत झाल्यामुळे होतात.

समजा, जळगावातील एका शाळेने दहा वर्षे खपून आपल्या संकेतस्थळावर परिसरातील विहिरींच्या नोंदी, आजीबाईंकडून ऐकलेल्या अहिराणी ओव्या आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प साठवले आहेत. सर्व्हरचे भाडे परवडेना म्हणून सगळे दुसरीकडे हलवायचे ठरते. स्थलांतराची तयार साधने मिळतात. एक कळ दाबली की ती कामाला लागतात. शेवटी 'काम यशस्वी' असा संदेश येतो. पण पान उघडावे तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, नाहीतर परकी चिन्हे! साधन खोटे बोलले का? नाही. त्याने फायली आणि नोंदी मोजल्या. त्या पूर्ण भरल्या. मजकूर वाचता येतो का, हे त्याने तपासलेच नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी एक अक्षर घेऊ. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत 'म'चा क्रमांक २३५० आहे. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. म्हणून यूटीएफ-८ या पद्धतीत हा क्रमांक तोडून तीन बाइटमध्ये ठेवतात. (ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली.) २३५० ला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी ४६. दोन्हींत १२८ मिळवा : १६४ आणि १७४. त्यांच्या आधी 'पुढे तीन बाइटचा संकेत आहे' असे सांगणारा २२४ ठेवा. झाला 'म' : २२४, १६४, १७४. 'ण'चा क्रमांक २३३९ आहे; त्याचे तीन बाइट विद्यार्थ्यांना काढू द्या. शेवटचा बाइट १६३ आला तर गणित बरोबर.

आता महत्त्वाचा मुद्दा. २२४, १६४, १७४ हे नुसते आकडे आहेत. ते 'म' आहेत हे त्यांच्यावर कुठेच लिहिलेले नसते. ते कोणत्या पद्धतीने वाचायचे याची चिठ्ठी वेगळी असते. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या लॅटिन-१ संचात एक बाइट म्हणजे एक चिन्ह. त्या चिठ्ठीने वाचले तर २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच 'ए', १६४ म्हणजे चलनाचे एक चिन्ह आणि १७४ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण.

मायएसक्यूएल ही संकेतस्थळांसाठी फार वापरली जाणारी माहितीपेढी मूळची स्वीडनची. वेगळे काही सांगितले नाही तर ती लॅटिन-१ ची चिठ्ठी लावत असे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून हे बदलले. त्यापूर्वीच्या अनेक मराठी संकेतस्थळांत यूटीएफ-८ चे बाइट चुकीच्या चिठ्ठीखाली साठले. जसे आत गेले तसेच बाहेर येत, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागला नाही. नवा सर्व्हर मात्र चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, प्रत्येक बाइटला स्वतंत्र चिन्ह समजून त्याचे पुन्हा रूपांतर करतो आणि 'मेहरूण'ची अठरा परकी चिन्हे होतात.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी. मजकूर नीट युनिकोडमध्ये आहे, पण नवा तक्ता लॅटिन-१ चा आहे, असे झाले तर 'म'ला तिथे जागाच नसते. मग प्रत्येक संकेताऐवजी ६३ हा बाइट, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहिले जाते. 'मेहरूण'ची सहा प्रश्नचिन्हे होतात.

म्हणून बिघाड दिसताच आधी मोजावे. अठरा चिन्हे दिसली तर बाइट बहुधा शाबूत आहेत. उलटे रूपांतर केले की शब्द परत मिळतो. सहा प्रश्नचिन्हे दिसली तर ती फक्त पडद्यावर आहेत की माहितीपेढीतही लिहिली गेली आहेत, हे पाहावे. तिथेही ६३ च असेल, तर त्या प्रतीतून मूळ शब्द कोणीही काढू शकणार नाही. ओवीतला प्रत्येक शब्द तसाच गेलेला असतो.

'बहुधा' म्हणण्याचे कारण खानदेशातच सापडते. लॅटिन-१ म्हणून प्रत्यक्षात बऱ्याचदा विंडोज-१२५२ हा संच वापरला जातो. त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे आणि हलन्ताचा १४१. काटेकोर साधन अशा बाइटपाशी अडते किंवा तो टाकून देते. परिणामी 'मेहरूण' आणि 'जळगाव' सुखरूप परततात, पण 'धुळे' मोडते, जोडाक्षरांचेही तेच. चार शब्द ठीक दिसले म्हणून सगळे ठीक आहे, असे समजता येत नाही ते यामुळे.

आणखी एक खोड आहे. वर्डप्रेससारख्या प्रणाली काही माहिती साठवताना मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतात. नव्या सर्व्हरबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही बदलला आणि साधनाने 'शोधा आणि बदला' एवढेच केले, तर मजकूर लांबतो पण आधीचा आकडा तोच राहतो. वाचताना हिशेब जुळत नाही आणि ती नोंद पूर्णच नाकारली जाते. असा बदल आकडाही सुधारणाऱ्या साधनानेच करावा लागतो.

शाळेने काय करावे? हलवण्यापूर्वी एक चाचणीचे पान तयार करावे. त्यात 'मेहरूण', 'धुळे', 'राष्ट्र', 'ऐरण' असे शब्द आणि मराठी अंक असावेत. आधी फक्त तेवढे पान हलवून बाइट मोजावेत. जुन्या आणि नव्या तक्त्यांची चिठ्ठी कोणती, हे काम करणाऱ्याला विचारावे. आणि नव्या जागी प्रत्येक विभाग माणसाने वाचून होईपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये. एका महिन्याचे जादा भाडे द्यावे लागेल. पण ज्या आजीबाईंनी ओव्या सांगितल्या त्या पुन्हा सांगायला असतीलच असे नाही.