काळ्या झेंड्यावरचा नारिंगी ठिपका

गाडीतून तेल गळतंय, हे सर्वांत उशिरा कळतं ते ती पळवणाऱ्यालाच. डोक्यावर हेल्मेट, कानात इंजिनाचा आवाज, नजर पुढच्या वळणावर. धूर मागच्याला दिसतो, डाग मार्शलला. म्हणून सर्किटवर एक खास झेंडा असतो: काळा, मधोमध नारिंगी ठिपका, सोबत गाडीचा नंबर. गाडीत धोकादायक बिघाड आहे, पुढच्या फेरीला पिटमध्ये या, असा त्याचा अर्थ. ही शिक्षा नव्हे. दुरुस्ती झाली आणि मुख्य तपासनिसाची खात्री पटली, की परत उतरता येतं.

तरी तो हौशी स्पर्धकाच्या मनाला लागतो. कितीतरी रविवार गॅरेजमध्ये घालवून त्यानं ती गाडी उभी केलेली असते. पण गळणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं, आणि ट्रॅकवर सांडलं तर मागच्याची गाडी घसरते. ग्लायकॉलवालं कूलंटही निसरडंच, म्हणून अनेक स्पर्धांत रेडिएटरमध्ये साधं पाणी भरायला लावतात. सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी, होते हे खरं, पण ती उभ्या गाडीची. तापल्यावर सैल होणारी होजची क्लिप तिथे सापडेलच असं नाही.

रॅलीत असा इशारा देणं आणखी अवघड. नाशिकच्या आसपासच्या मातीच्या वाटांवर रॅली होते तेव्हा वळणापलीकडचं काही दिसत नाही, मार्शलही दूर असतो. तिथे स्पर्धकांनीच एकमेकांना सावध करायचं. प्रत्येक गाडीत एक बोर्ड असतो, एका बाजूला हिरवा ‘ओके’, दुसऱ्या बाजूला लाल ‘एसओएस’. गाडी अडकली, की तिच्या अलीकडे किमान 50 मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा. चालक आणि सहचालक दोघंही धड असतील तर मागून येणाऱ्या निदान तीन गाड्यांना ‘ओके’ दाखवायचं. ‘एसओएस’ दिसलं तर पहिल्या गाडीनं थांबायचंच, दुसरीनं पुढच्या रेडिओ पॉइंटला निरोप द्यायचा. मोठा अपघात दिसला आणि बोर्डच दिसला नाही, तरी थांबायचं. मदतीत गेलेला वेळ नियमानं भरून मिळतो.

हे सगळं स्पर्धेआधीच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात, आणि नेमकं तेव्हाच निम्मं लक्ष टायरकडे असतं. माझ्या मते आयोजकांनी प्रत्येक जोडीकडून ते एकदा करूनच घ्यावं.

आणि तुम्ही स्पर्धेला निघाला असाल, तर तो बोर्ड डिकीत टाकू नका. गाडी उलटली तरी दोघांच्याही हाताला येईल, अशा जागी घट्ट खोचून ठेवा.