धुलाईयंत्राची घरघर

कपडे धुण्याचें यंत्र पिळण्याच्या वेळीं विमानासारखें गर्जूं लागलें, कीं पुष्कळ घरांत एकच निर्णय होतो: यंत्र जुनें झालें, विकून टाकावें. माझ्या घरीं २०२२ सालच्या पावसाळ्यांत हाच प्रसंग आला. कारागिरानें बेअरिंगें बदललीं, पैसे घेतले, आणि सहा महिने भरण्यापूर्वींच घरघर पुन्हा सुरू झाली. तेव्हां शेजारच्या एका वृद्ध फिटरला सोबत घेऊन मीं यंत्र उघडलें.

समोरून दार असलेल्या यंत्रांत कपड्यांचा ड्रम केवळ मागील बाजूनें तोललेला असतो. विहिरीच्या रहाटास दोहों बाजूंस खांब असतात. येथें एकच बाजू, आणि सारा भार तेथील दोन बेअरिंगांवर. मिनिटास १२०० फेरे, म्हणजे सेकंदास २० झाले. ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमांत कडेच्या कपड्यावर त्या वेळीं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ३८० पट ओढ बसते! तरीही पोलादी गोळ्या वर्षानुवर्षें टिकतात. त्यांचा घात करतें तें पाणी. तें अडविण्याकरितां पुढच्या बेअरिंगाच्या तोंडाशीं रबराची कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. तिचा ओठ झिजला कीं साबणाचें पाणी आंत झिरपतें, ग्रीस धुवून नेतें, आणि गोळ्यांस गंज चढतो. आमच्या कारागिरानें सील जुनेंच ठेवलें होतें. तिजोरी नवी, पण दार मोडकेंच!

परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद असतां ड्रमाची वरची कड आंतून उचलून पाहावी. बाहेरचा टबही बरोबर हालला तर चिंता नको. तो स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. ड्रम एकटाच खडखडला, तर बेअरिंग गेलें.

प्लग काढून व नळ बंद करून मगच हात घालावा. तारा सोडण्यापूर्वीं मोबाइलवर त्यांचें छायाचित्र घ्यावें. कांहीं यंत्रांचा टब कारखान्यांतच कायमचा सांधलेला असतो. तेथें करवत लागते, तो उद्योग घरीं करूं नये. पुली काढल्यावर शाफ्टांत बोल्ट परत बसवून, वर लाकूड धरून ठोकावें, म्हणजे आटे बिघडत नाहींत.

बेअरिंगावरील आंकड्यांत एक गंमत आहे. आमचीं ६२०५ व ६२०६ निघालीं. शेवटच्या दोन आंकड्यांस पांचानें गुणा: २५ आणि ३० मिलिमीटर, हीच भोकाची रुंदी. गणित शिकविण्यांत जन्म गेला, पण हें उदाहरण मला उशिरा सांपडलें.

नवें बेअरिंग बसवितांना ठोका बाहेरच्या कडीवरच पडावा. आंतल्या कडीवर मारल्यास तो गोळ्यांतून जातो, मार्गिकेवर खळगे पडतात, आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं गुणगुणूं लागतें.

एवढ्यावर मीं टब मिटविणार, तोंच फिटरनें माझा हात धरला व शाफ्टावर नख फिरविण्यास सांगितलें. सीलचा ओठ जेथें घांसतो, तेथें नख अडकलें. त्या खांचेंतून नव्या सीललाही पाणी चुकवून गेलें असतें! शाफ्ट ज्या तीन हातांच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीस जडलेला असतो, तिचे हातही साबणानें पोखरले होते. ती बैठक शाफ्टासह नवी घ्यावी लागली. खर्च वाढला, पण नव्या यंत्राच्या किंमतीपुढें तो थोडाच.

दुसऱ्या दिवशीं यंत्र पिळूं लागलें, तेव्हां आमच्या मंडळींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "पुन्हा बंद पडलें कीं काय?"