दप्तरांच्या प्रतिमा कशावर साठवाव्या?

ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें धरणहि टिकलें नाहीं, व मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरलें. एकाच जागीं ठेवलेला संग्रह किती असुरक्षित असतो, हें या प्रसंगावरून ध्यानांत यावें.

हल्लीं संग्राहक पोथ्यांच्या व मोडी कागदांच्या प्रतिमा लॅपटॉपास जोडावयाच्या डिस्कवर ठेवितात. ती घेतांना प्रथम जागेचें गणित करावें. ए-४ आकाराचें एक पान ६०० डीपीआयनें, रंगीत व असंक्षिप्त टिफ स्वरूपांत घेतल्यास सुमारें १०४ एमबी जागा लागते. म्हणजे १ टीबींत अशीं सुमारें ९,५०० पानें मावतात.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क तितक्याच जागेच्या एसएसडीहून स्वस्त पडते. मात्र चालू असतां धक्का बसल्यास ती बिघडण्याचा संभव असतो. एसएसडींत फिरता भाग नसल्यानें परगांवचें दप्तर पाहावयास जातांना ती सोईची; परंतु विजेवांचून दीर्घकाळ पडून राहिल्यास तींतील विद्युत्भार ओसरून मजकूर नष्ट होऊं शकतो. म्हणून फिरतीस एसएसडी व ठेवणीस हार्ड डिस्क घ्यावी.

यांपैकीं कोणतीहि डिस्क अक्षय नव्हे. यास्तव एकाच मजकुराच्या निदान दोन प्रती कराव्या, दुसरी परगांवीं ठेवावी, आणि पाठ ताडतात त्याप्रमाणें वर्षांतून एकदां दोन्ही ताडून पाहाव्या. मूळ कागद मात्र जपलाच पाहिजे; त्याचा पोत व जलचिन्ह प्रतिमेंत पुरतें उतरत नाहीं.