शाळेची परसबाग आणि गावाची पाळी

मृगाच्या सरी पडून गेल्या आणि शाळा उघडल्या की वाशीम जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांच्या आवारात कुदळ-फावड्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. मुले वाफे तयार करतात, शिक्षक बियाणे आणतात, सरपंचांच्या हस्ते एखादे रोप लावले जाते. दिवाळीनंतर मेथी, पालक आणि सांबाराचे हिरवे वाफे पाहून येणारा-जाणारा क्षणभर थांबतो. परंतु तीच बाग मे महिन्याच्या अखेरीस पाहावी, तर अनेक ठिकाणी भेगाळलेली काळी जमीन आणि करपलेल्या काड्या एवढेच दृष्टीस पडते. पुढील वर्षी पुन्हा नवे खड्डे, पुन्हा नवी रोपे. बाग लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ती राखणे हे वर्षाचे काम आहे. म्हणूनच शाळेच्या परसबागेचा प्रश्न हा बियाण्याचा किंवा खताचा नसून मुख्यतः माणसांच्या नियोजनाचा आहे.

ताटातील पन्नास ग्रॅम

शाळेत परसबाग असावी हा केवळ शोभेचा विचार नव्हे. शाळेतील माध्यान्ह भोजनाची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने ओळखली जाते. या योजनेच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावयास हवी. सहावी ते आठवीच्या मुलासाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असे आहे. तांदूळ आणि डाळ साठवून ठेवता येते. ताजी भाजी मात्र साठवता येत नाही. आठवडी बाजार लांब असला, भाव चढले, की ताटातून प्रथम कमी होते ती भाजीच.

या भाजीचे महत्त्व किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीवरून दिसून येते. या पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. ही बालके पुढे शाळेतच येतात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या बागेने तो नाहीसा होईल असे म्हणता येणार नाही; तथापि रोजच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला आणि त्यांच्या जोडीला लिंबाचा रस असणे हा त्यावरील उपायांचा एक महत्त्वाचा भाग आहे. वाशीम जिल्ह्याचा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात समावेश झाला, त्या कार्यक्रमातही आरोग्य आणि पोषण या विषयाला अग्रस्थान आहे. शाळांतील पोषण बागांसाठी केंद्रीय शिक्षण खात्याने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. बागेसाठी मोठी जमीनच हवी असे नाही, जागा अपुरी असेल तेथे कुंड्या, डबे, पोती यांतही भाजी लावता येते, हे त्यांत स्पष्ट केलेले आहे.

जमीन आणि पाणी

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. जिल्ह्याचा मोठा भाग उंच पठाराचा. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. अडाण आणि अरुणावती यांचे पाणी पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे येथे पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी वाहून जातो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके बहुतांशी पावसावरच येतात. अशा प्रदेशात बाग करावयाची, तर पाण्याचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे.

साठ मुलांची एक शाळा घेऊ. जेवणापूर्वी हात आणि जेवणानंतर ताट धुण्यासाठी एका मुलामागे एक लिटर पाणी धरले, तरी दररोज ६० लिटर पाणी गटारात जाते. हेच पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून पपई, केळी, शेवगा यांच्या आळ्यात सोडता येते. खरकटे व साबण मिसळलेले हे पाणी पालेभाज्यांना देऊ नये. त्यांच्यासाठी स्वच्छ पाणीच वापरावे. झाडाच्या बुंध्याशी कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवले, तर पाणी हळूहळू मुळाशी झिरपते आणि वाफ होऊन उडून जात नाही. मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे कुटार वाफ्यांवर पसरले तर जमिनीतील ओल टिकते. तुराट्या आणि पऱ्हाट्या यांचे कुंपण शेळ्यांपासून बागेचे रक्षण करते. या सर्व वस्तू गावातच असतात आणि बहुधा विनामूल्य मिळतात.

बाग कोणाची?

बागेला वर्षातून दोन धोके संभवतात. पहिला उन्हाळ्याच्या सुटीचा आणि दुसरा बदलीचा. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे ज्या आठवड्यांत झाडांना पाण्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच आठवड्यांत आवारात कोणी नसते. दुसरीकडे, बहुतेक चांगल्या बागांच्या मागे एखादा हौशी शिक्षक असतो. त्याची बदली झाली की बागेची माहिती, बियाण्याचे डबे आणि उत्साह, सर्वच त्याच्याबरोबर जाते. एकाच माणसाच्या आधारावर उभी असलेली बाग त्या माणसाबरोबर उठून जावी, यात नवल नाही.

यावरचा उपाय कायद्याच्या चौकटीत आधीपासूनच उपलब्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शिक्षक बदलून गेला तरी समिती गावातच राहते. बाग शिक्षकाची न मानता समितीची मानली, तिची नोंदवही समितीने ठेवली आणि दर महिन्याच्या बैठकीत बागेचा विषय घेतला, तर कामाचे सातत्य टिकते. समितीच्या जोडीला गावातील महिला बचत गट, शेतीचा अनुभव असलेले आजी-आजोबा, आहार शिजविणाऱ्या ताई आणि युवक मंडळ यांना घेता येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी शिबिरासाठी गावात येतात. कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात कार्यानुभव घेतात. माती तपासणे, रोपवाटिका घालणे ही कामे त्यांच्याकडून शिकून घेता येतात. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही सल्ल्याची हक्काची ठिकाणे आहेत. परंतु बाहेरून येणारा मदतनीस आठवडाभर राहतो. रोजची राखण गावालाच करावी लागते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सुटीतील अठ्ठावीस पाळ्या

सुटीचे कामही हिशेबात मांडले की वाटते तितके अवघड नाही. प्रथम, उन्हाळ्यात वाफे जगविण्याचा हट्ट धरू नये. एप्रिलअखेर वाफे मोकळे करावेत आणि शेवगा, लिंबू, गोडलिंब, पपई, हादगा अशी वीस बहुवर्षायू झाडे तेवढी सांभाळावीत. एका झाडाला एक दिवसाआड दहा लिटर पाणी दिले, तर एका वेळी २०० लिटर, म्हणजे एक ड्रम पाणी पुरते. सुटी आठ आठवड्यांची धरली, तर ५६ दिवसांत २८ पाळ्या होतात. गावातील चौदा घरांनी ही जबाबदारी घेतली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला संपूर्ण सुटीत केवळ दोन पाळ्या येतात. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला, तर त्याही कमी होतात.

हे वाटप मोघम राहू नये. 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे ठरले की कोणीच लक्ष ठेवीत नाही, हा सार्वजनिक कामातील नित्याचा अनुभव आहे. महाराष्ट्रदिनी होणाऱ्या ग्रामसभेत पाळ्यांची यादी वाचून दाखवावी आणि ती शाळेच्या भिंतीवर लावावी. ड्रम कोठून भरावयाचा, फाटकाची किल्ली कोणाकडे, पाळी चुकल्यास कोणाला कळवावयाचे, या तीन गोष्टी यादीखाली लिहाव्यात. लग्नसराई आणि शेतीच्या मशागतीचे दिवस ध्यानात घेऊन पाळ्या बदलून घेण्याची मोकळीक असावी. पाणी देणाऱ्या घराला बागेतील लिंबे आणि शेवग्याच्या शेंगा नेण्याचा हक्क असावा. स्वयंसेवा विनामोबदला असते, पण तिची दखल घेतली गेली तरच ती टिकते.

वाफ्यांचा क्रम

दुसरी नेहमीची चूक पेरणीची. सर्व वाफे एकाच दिवशी पेरले की सर्व भाजी एकाच आठवड्यात निघते. चार दिवस ताट भरते आणि पुढे महिनाभर रिकामे राहते. साठ मुलांना दिवसाला तीन किलो भाजी लागते. आठवड्यातून दोन दिवस पालेभाजी बागेतून द्यावयाची ठरविली, तर सहा किलो हवी. चौरस मीटरला अर्धा-पाऊण किलो उत्पन्न धरले, तर त्यासाठी सुमारे दहा चौरस मीटरचा एक वाफा लागेल. मेथी आणि पालक साधारण चार-पाच आठवड्यांत काढणीस येतात. म्हणून असे पाच वाफे करून दर आठवड्याला एकच पेरावा. पहिला वाफा निघाला की तोच पुन्हा पेरावा. पाच वाफ्यांना जेमतेम अर्धा गुंठा जमीन लागते. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी व कुंपणावर दोडके, कारले. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, टोमॅटो, असा क्रम येथील हवामानास मानवतो.

किडीसाठी रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणूच नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विसरण्याजोगी नाही. अर्धा किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, तिचे दहा लिटर द्रावण केले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. तो सायंकाळी फवारावा. मावा, तुडतुडे यांचा उपद्रव त्याने आटोक्यात राहतो.

श्रम आणि शिक्षण

हाताने काम करीत शिकावे, हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींच्या नई तालीमची कल्पना पुढे आली. शेती व बागकाम हा तिचा एक आधार होता. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदानाचा पुरस्कार करून याच वऱ्हाडात सामुदायिक कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. परसबाग हा त्याच परंपरेचा धागा आहे. वाफ्याचे क्षेत्रफळ काढणे, भाजीचे वजन करून नोंदवहीत लिहिणे, उगवलेल्या बियांचे शेकडा प्रमाण काढणे, हा गणिताचा आणि विज्ञानाचाच अभ्यास होय.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. बागेतील काम ही शिक्षा होता कामा नये. उशिरा आलेल्या मुलाला निंदणीस बसविणे, पाणी भरणे मुलींकडे आणि देखरेख मुलांकडे ठेवणे, किंवा विशिष्ट घरांतील मुलांनाच शेणखत उचलावयास लावणे, यातून मुले श्रमाचा तिरस्कारच शिकतील. सर्व कामे सर्वांच्या वाट्याला आळीपाळीने आली पाहिजेत आणि ती वर्षभर तशीच चालली पाहिजेत.

शाळेची बाग स्थिरावली की तिचा विस्तार गावात होतो. अंगणवाडीला तेथूनच रोपे मिळतात, बचत गटातील महिला घरामागे वाफे करतात, ग्रामपंचायतीच्या पडीक तुकड्यावर सामुदायिक बाग उभी राहू शकते. पण या सर्वांची कसोटी एकच आहे. लावणीच्या दिवशी किती लोक जमले यावरून बागेचे मोल ठरत नाही. जूनच्या अखेरीस शाळेचे फाटक उघडून मुले आत आली, तेव्हा शेवग्याला पालवी होती की नाही, एवढेच पाहावे. ती असेल, तर त्या गावाने आपल्या अठ्ठावीस पाळ्या पार पाडल्या, असे समजावे.