वेष्टनातील विष

घरच्या घरी गर्भधारणेची खातरजमा करण्याची जी पट्टी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, किंवा कोरोनाच्या दिवसांत नाकातील स्राव तपासण्यासाठी जी पुष्कळांनी विकत आणली, तिच्यावर उमटणारी तांबडी रेघ बहुधा सोन्याची असते, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटेल. परंतु सोन्याचे कण वीस-चाळीस नॅनोमीटर इतके बारीक केले (आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), की ते आपले पिवळेपण टाकून माणकाची लाली धारण करतात; १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये या लाल सोन्याचा अभ्यास सविस्तर मांडला होता. पट्टीतील कणांवर विशिष्ट पदार्थाला ओळखून धरणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. तो पदार्थ नमुन्यात असला की कणांचा जमाव रेघेच्या जागी अडतो आणि रंग दिसू लागतो. निदानातील ही चाकरी इतकी बिनबोभाट आहे, की तिचे श्रेय या कणांना सहसा कोणी देत नाही.

उपचाराच्या प्रांतात मात्र अशा अतिसूक्ष्म कणांचा गाजावाजा फार. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी, रोगजंतूलाच लागेल आणि रोग्याला धक्का लावणार नाही अशा 'जादूच्या गोळी'ची कल्पना मांडली. आपल्याकडे 'रामबाण' हा शब्द तर त्याही आधीपासून तयार होता. तथापि अशा कणांत भरलेल्या नव्या औषधांचे खरे कर्तृत्व ती कोठे पोचतात यापेक्षा कोठे पोचत नाहीत यात आहे, असे मला वाटते.

दाखला अँफोटेरिसिन-बी या औषधाचा घ्यावा. १९५० च्या दशकात, व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणातील एका स्निग्ध द्रव्याला चिकटून ते त्या आवरणाला छिद्रे पाडते. परंतु त्या द्रव्याचा भाऊबंद, म्हणजे कोलेस्टेरॉल, आपल्याही पेशींच्या आवरणात असल्यामुळे थंडी वाजून ताप येणे हा नित्याचा अनुभव, आणि मूत्रपिंडाचे नुकसान हे कायमचे भय. पुढे १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवून दिले, की लेसिथिनसारखी मेदद्रव्ये पाण्यात पडली असता आपोआप मिटून पोकळ गोलके बनतात. लिपोसोम म्हणतात त्या या, शंभर नॅनोमीटरहून लहान असलेल्या गोलकांच्या भिंतीत तेच जुने अँफोटेरिसिन बसविले, आणि विष तेच राहून मूत्रपिंडाचा जाच पुष्कळ कमी झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, ज्याला लोक 'काळी बुरशी' म्हणत, महाराष्ट्रात थैमान घातले, तेव्हा ज्या कुपीसाठी रुग्णांचे नातेवाईक दारोदार हिंडत होते, ती हीच. साधे अँफोटेरिसिन कितीतरी स्वस्त. भाव होता तो वेष्टनाचा.

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनची हकीकतही याच जातीची. हे तांबडे औषध हृदयाला अपाय करते. त्याला लिपोसोममध्ये कोंडून, वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा बुरखा चढवून तयार केलेल्या 'डॉक्सिल'ला १९९५ साली अमेरिकेत परवाना मिळाला. हृदयाचे संकट पुष्कळ ओसरले. तळहात-तळपायांची आग हे नवे दुखणे मात्र उपजले. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून असे कण तेथे झिरपून साचतात, ही उपपत्ती जपानमध्ये माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये मांडली आणि तिच्यावर फार मोठा इमला उभा राहिला. मग २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांच्या प्रयोगांचा जमाखर्च तपासला, तेव्हा गाठीपर्यंत पोचणारा वाटा मात्रेच्या शेकडा एकाहूनही कमी भरला, आणि हे प्रयोगही प्राण्यांवरचे.

उरलेला माल जातो कोठे? बराचसा यकृत आणि प्लीहा यांच्याकडे. रक्तातील परकी वस्तू अडवून ठेवणारे हे शरीराचे जकातनाके. त्यांना चुकविण्यात संशोधकांची किती हयात खर्ची पडली, याची गणती नाही. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाच्या कर्त्यांनी मात्र नाक्याशी भांडण्याचा नाद सोडला. वंशपरंपरेने येणाऱ्या एका विकारात यकृतच सदोष प्रथिन बनवून रक्तात सोडते आणि ते साचून मज्जातंतू निकामी होतात. त्या प्रथिनाचा हुकूमनामा रद्द करणारा आरएनएचा तुकडा मेदकणांत भरून शिरेतून रवाना केला, की वाटेत रक्तातलेच मेद वाहणारे एक प्रथिन त्या कणांना चिकटते, आणि यकृताच्या पेशी त्यांना घरचाच माल समजून आत घेतात.