पहिली-दुसरीचा वर्ग आणि घरचा अभ्यास

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. या योजनेतील पहिली शाळा ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली येथे सुरू झाली. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. मूल शाळेच्या दारापर्यंत कसे आणावे, हा त्या काळचा प्रश्न होता.

आज प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. मुलाचे नाव पटावर असते. परंतु तिसरी संपेपर्यंत ते समजून वाचू लागते काय आणि साधा हिशेब करू लागते काय, हे पाहावे लागते. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत हेच उद्दिष्ट गाठण्याचे ठरविले. या वयात वाचन कच्चे राहिले, तर पुढे भूगोल, विज्ञान, इतिहास हे सर्वच विषय मुलाला परके होतात. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात व घरी काय घडते, हे शिक्षकाइतकेच पंचायत सदस्यानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्गातील अडचणी

सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ बोलीचे मोठे धन असते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे, त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि शेवटी जोडाक्षरे, असा त्याचा लिपीतील प्रवास असतो. पुष्कळदा मूल पहिला धडा घडाघडा म्हणून दाखविते. मात्र त्यातील मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारले की ते थांबते. त्याने धडा पाठ केलेला असतो, वाचलेला नसतो. हा फरक ओळखण्यास शिक्षकाला एक मिनिट पुरते. परंतु ते मिनिट प्रत्येक मुलाच्या वाट्याला आले पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची. कोल्हापूरकडच्या अनेक घरांत मुली व स्त्रिया सहजपणे ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. पुस्तकात ‘मी आले’ असते. येथे वर्गात हसू झाले, तर मुलगी बोलणेच सोडते. घरचे बोलणे चुकीचे न ठरविता ‘पुस्तकात असे लिहितात’ एवढेच सांगणे हा सरळ मार्ग होय.

तिसरी अडचण संख्यांची. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतात. त्यामुळे २५ ऐवजी ५२ लिहिले जाते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस पाच’ अशा वाचनाची रीत आली, तेव्हा तिच्यावर राज्यभर वाद झाला. वादाचा निवाडा काहीही असो, मुलाची अडचण खरी आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या व सुट्या काड्या हाताळल्यावर ती बऱ्याच अंशी दूर होते.

गृहपाठ कोणता?

केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीस आठवड्याला दोन तासांहून अधिक देऊ नये, असे सुचविले आहे. तरीही ‘हा धडा पाच वेळा लिहून आणा’ ही रीत अनेक ठिकाणी टिकून आहे. अशा लेखनात हात चालतो, मन चालत नाही. शिवाय शिकलेल्या घरात ते पालक पूर्ण करून देतात, आणि ज्याच्या घरात कोणी शाळेत गेले नाही ते मूल रिकामी वही घेऊन दुसऱ्या दिवशी शिक्षेस पात्र ठरते. म्हणजे परीक्षा मुलाची न होता आईवडिलांच्या शिक्षणाची होते. अखेरीस हेच मूल शाळेत येण्याचे टाळू लागते.

याचा अर्थ शाळा व घर यांचा संबंध नको, असा नव्हे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांचे अनुभव हाच शिक्षणाचा पाया मानला. कोणत्याही खेडेगावातील शाळेस हा विचार अमलात आणता येईल. दूध संस्थेची पावती घरोघर असते. सकाळी ३ लिटर व संध्याकाळी २ लिटर घातले, तर दिवसाचे किती? आठवडी बाजारातून आणलेल्या भाज्यांची नावे लिही. आजीकडून एक कोडे ऐकून ये आणि वर्गात घाल. असे काम वही-पेन्सिलीशिवायही होते, त्यास पालकाचे अक्षरज्ञान लागत नाही आणि ते दहा-पंधरा मिनिटांत संपते. शिक्षकाने मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळीच ऐकले पाहिजे. न पाहिलेले काम मूल पुन्हा मनापासून करीत नाही.

घराचा वाटा

स्वतःला वाचता येत नसले तरी आई मुलाला शेजारी बसवून ‘आज काय वाचलेस, मला वाचून दाखव’ असे म्हणू शकते. मूल अडखळले तर रागावू नये, थोडे थांबावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. उसाच्या हंगामात आईवडील उशिरा परततात, तेव्हा थोरली भावंडे हे काम करू शकतात. राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारीसाठी माता-पालकांचे गट करण्यात आले; तसे गट पहिली-दुसरीसाठीही उपयोगी पडतील.

पंचायतीचे कार्य

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. या समितीच्या सभेत छप्पर व कुंपण यांच्याबरोबरच ‘दुसरीतील किती मुले समजून वाचतात’ हा प्रश्नही दरमहा विचारला जावा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यास मोठा खर्च लागला नाही. गावाचा निश्चय लागला. ज्या घरात अभ्यासास जागा नाही, तेथील मुलांसाठी समाजमंदिराची एक खोली व दिवा एवढी सोय बहुतेक पंचायतींच्या आवाक्यात आहे.

मुले शाळेत यावीत यासाठी शंभर वर्षांपूर्वी कायदा करावा लागला. शाळेत आलेले प्रत्येक मूल वाचते व्हावे यासाठी कायदा एकटा पुरणार नाही. शिक्षक, पालक व ग्रामपंचायत या तिघांनी आपापला वाटा उचलला, तरच शाहू छत्रपतींनी हाती घेतलेले हे कार्य पूर्णत्वास जाईल.