पदवीचा खरा खर्च

खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी संस्थेच्या मर्जीवर नसते. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करते. तिचे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. हा फरक सवलतीच्या वेळी कळतो, कारण पुढच्या दोन्ही सवलतींत विकास शुल्क येत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला हा लाभ नाही. आणि ‘फी माफ’ म्हणजे शिक्षण फुकट नव्हे, ही गोष्ट अनेक घरांना प्रवेशानंतर उमगते.

मुलगी लातूरहून पुण्याला आली, तर कॉट बेसिसवरची जागा, तिचे डिपॉझिट, मेस, बसचा पास, लॅपटॉप आणि सणासुदीला गावी जाण्याचे भाडे हा सगळा भार घरावरच पडतो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती अनेक पात्र घरांना ठाऊकच नसते, हे दुर्दैव आहे.

शैक्षणिक कर्जाचा हिशेब तर मुळीच नजरअंदाजाने करू नये. चार वर्षे दरवर्षी 1 लाख रुपये उचलले आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर अभ्यासक्रम संपून परतफेडीची आणखी एक वर्षाची सवलत सरेपर्यंत सरळव्याजच 1 लाख 40 हजार होते. परतफेड सुरू होते ती 5 लाख 40 हजारांवर. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे 9 हजारांचा हप्ता बसतो आणि 4 लाखांच्या कर्जापोटी एकूण साडेसात लाखांच्या आसपास फेडावे लागतात. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास हा बोजा बराच हलका होतो.

बारावीनंतर लगेच कामाला लागून जी कमाई झाली असती, तीही खर्चातच धरायला हवी. एखादे वर्ष वाया गेले, तर राहण्याजेवणाचा वर्षभराचा खर्च वाढतो आणि पहिला पगारही वर्षभर लांबतो.

मंजूर शुल्काखेरीज देणगी मागणे 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क स्वतः पाहावे, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी आणि उत्पन्नाचा दाखला व इतर कागद प्रवेशाची धावपळ सुरू होण्याआधीच काढून ठेवावेत.